तलाठी आणि टिंग

आमच्या बोक्याचं नाव तलाठी.
घरात येणाऱ्या प्रत्येक माशाची
आधी त्याच्याकडे नोंद लागते,
मगच तो तव्यावर जातो, म्हणून.

पूर्वी त्याचं घड्याळ म्हणजे आवडाबाय.
सकाळी आठला पाखाडीच्या वळणावरून
"म्हावरं हायेऽऽ"
आधी हाक वर यायची, मग पाटी, मग ती,
आणि तलाठी त्याच्याही आधी गडग्यावर,
शेपटीचं प्रश्नचिन्ह करून.

ओट्यावर टेकून ती पाणी मागायची.
पाटीवरचं फडकं मात्र लगेच उचलायची नाही.
आधी बातम्या:
धोपाव्याची फेरी कुणाच्या म्हशीमुळे अडली,
दुबईहून कोण आला, कोण नुसताच येणार आहे,
आमच्या माडाला नारळ का धरत नाहीत
(माझ्या हातगुणाने).
मी दारात, एक चप्पल घालून, घड्याळ बघत.
टेलिफोन एक्स्चेंजात नोकरी माझी,
लोकांचं बोलणं तीन मिनिटांत आटपावं
हा जन्माचा ध्यास.

मग सौंदाळे. मग घासाघीस.
ती दीडशे, मी शंभर,
आणि सव्वाशेला दोघंही
लुटल्यासारखा चेहरा करून मोकळे.

आता आवडाबायने ग्रुप काढलाय.
नियम एकच: सुप्रभात पाठवू नये.
सहाला फोटो येतो:
चार सरंगे, शेजारी नातवाची चप्पल,
आकाराचा अंदाज यावा म्हणून.
आम्ही दोन बोटांनी मासा ताणतो.
कल्ला उचलून बघायची जुनी खोड,
काचेवर नुसतं नख वाजतं.
बायको अंगठा पाठवते. झालं.
अंगठ्याला घासाघीस करता येत नाही.
नातू वरच्या रस्त्याने स्कूटरवरून येतो,
हेल्मेटच्या आतून "काकू" म्हणतो
आणि पिशवी फाटकाला टांगून गेलेलाही असतो.

तलाठ्याचा पहिला पंधरवडा हलाखीत गेला.
आठ वाजता गडग्यावर, नऊलाही गडग्यावर.
मग त्याने स्वतःच शोध लावला:
टिंग झालं की मासा.
पण टिंग वीजबिलाचंही असतं, बँकेचंही,
आणि ठाण्याच्या मेव्हण्याचं तर
गुलाबासकट, रोज.
दिवसातून तीसदा तो धावत येतो,
फोन हुंगतो, माझ्याकडे बघतो.
मी त्याला हसत नाही.
मीही तीसदा धावतच आलेला असतो.

परवा मंगळवारी टॉवर झोपला.
फोटो नाही, टिंग नाही, मेव्हणा नाही.
बायको म्हणाली, "पाय आहेत ना?"
म्हणून पिशवी घेऊन खाली निघालो,
पायऱ्या मोजत. तसा काही उद्योग नव्हता.
एकशे अकरा.
मधे एक जांभा दगड, एका अंगाला गुळगुळीत,
बरोबर पाटी टेकवायच्या उंचीचा.
तीस वर्षं ती ही खाडी डोक्यावरून
वर आणत होती,
आणि मी पंचवीस रुपये कमी करत होतो.
तसं ते पंचवीस आजही थोडे जास्तच वाटतात मला.
असो.

आवडाबाय दारात, पाय लांब करून,
फोन आभाळाकडे धरून रेंज शोधत होती.
"गुडघ्यांनी राजीनामा दिला, भाऊ," म्हणाली,
"ह्यात धंदा बरा होतो.
पण ह्यात गिऱ्हाईक बसत नाय."
मग मी बसलो. पाणी मागितलं.
माडाची चौकशी झाली. अजून धरत नाही म्हटल्यावर
तिला मनापासून बरं वाटलं.
फेरी आली, गेली, परत आली.
फडकं उचल म्हणायचं मीच विसरलो.
घड्याळ होतं हातात,
ते नुसतं हातात होतं.

परत चढताना ऐंशीव्या पायरीवर
दम लागून उभा होतो,
हातात बांगडे, वर एक तारली फुकट,
"साहेबांसाठी," म्हणाली होती ती,
तेवढ्यात टॉवर जागा झाला.
टिंग.
'भाऊ, चाळीस राहिले.'

मी वर बघितलं.
तलाठी गडग्यावरून उडी टाकून
तीन-तीन पायऱ्या सोडत खाली येत होता,
इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच
खऱ्या टिंगकडे.