मिनिटाला पंचेचाळीस

भागशिक्षणाधिकारी पोचले तेव्हा साडेअकरा झाले होते,
चोर्ल्याच्या वळणावर जीप तापलेली.
त्यांनी आधी पाणी मागितलं, मग हजेरीपट.

राज्याच्या तक्त्यात मुलं सात.
केंद्राच्या पोर्टलवर सहा.
सातवी रोशनी वरक.
आधारकार्डावर तिचं ‘वारिक’ झालंय,
म्हणून दिल्लीच्या लेखी तो बाक रिकामा.

मुताऱ्या दोन, होय.
रॅम्प आहे, होय.
रॅम्पवर शेजारची शेवंती काजूच्या बिया सुकत घालते,
त्याला रकाना नव्हता.

मग स्टॉपवॉच.
तिसरीच्या मुलाने मिनिटाला पंचेचाळीस शब्द वाचावेत.
रोशनी एकोणिसाव्याला थांबली,
कोल्हा विहिरीत पडला होता तिथे.
‘सर, बांय कोणाली ती? तिका कठडो ना?’

घड्याळ चालू.
गेल्या मे महिन्यात त्यांचं रेडकू असंच पडलं,
दोर हिनेच धरला होता अंधार पडेपर्यंत.
मी सांगितलं नाही.
चाचणी चालू असताना शिक्षकाने बोलायचं नसतं.

सरांनी चित्र डोळ्यांजवळ नेलं.
‘असेल गं कठडा,’ म्हणाले, ‘काढायचा राहिला असेल.’
आणि लिहिलं: एकोणीस.

पण पोर्टल तिचा आकडा घेईना.
उरलेल्या सहांची सरासरी छान आली,
शाळा एक श्रेणी वर चढली,
केंद्रप्रमुखांचा अभिनंदनाचा फोनही आला.

आडनावदुरुस्तीचा अर्ज मी भरून ठेवलाय,
फोटो चिकटवून, सहीसकट.
सोमवारी वाळपईला नेणार होते.

दोन सोमवार गेले.