सावलीचं पाऊण युनिट

तीस वर्षं ह्यांनी लोकांची मीटरं वाचली.
कवठेमहांकाळ, कुची, अलकूड, नागज.
आधी सायकलवर, मग लुनावर, कानाला पेन,
आणि दारोदारी तेच ऐकून घेतलं:
"हिंदुराव, एवढं बिल कसं वो आलं?
आमच्यात दोन तर दिवं हाईत."
हे म्हणायचे, मीटर खोटं बोलत न्हाई.
आणि घरी येऊन आमचं बिल
डोळे बारीक करून दोनदा वाचायचे,
जणू कुणी दुसऱ्यानंच चुकीचं टिपलंय.

बिल माझ्या घरघंटीचं असायचं,
दोघांनाही ठाऊक होतं.
किलोला सहा रुपये दळणाचे,
त्यातले किती डब्यात आणि किती तारेत जायचे
ते मी कधी मांडून बघितलं नाही.
बघितलं असतं तर घंटी झाकून ठेवली असती.

गच्चीतनं लांब, ढालगावच्या बाजूला
डोंगरावर पवनचक्क्या दिसतात, रात्री त्यांचे तांबडे दिवे.
त्यांची वीज कुठं जाते, मी एकदा विचारलं.
"लांब," म्हणाले.
तेवढंच.

निवृत्तीच्या पैशातनं गच्चीवर चार पत्रे चढले.
पत्रे म्हटलेलं खपत नाही. पॅनेल म्हण.
मी भांडले. कुरडया कुठं घालू?
सांडगे, बाजरीच्या खारवड्या, चिंच?
वर्षाचं ऊन माझं होतं,
ते ह्यांनी दक्षिणेला तोंड करून मांडून ठेवलं.
आता खारवड्या मधल्या पट्टीत वाळतात,
उरल्यासुरल्या उन्हावर,
आणि कावळे काचेतल्या कावळ्यांशी भांडत बसतात.

दळण आता दुपारचं.
बायका बारा वाजता डबे घेऊन येतात.
"उन्हाचं पीठ गोड लागतंय," चंदाबाई लोहार म्हणते.
लागत नसणार.
पण ती ज्वारी दोन किलो जास्त आणते.
ढग आला तरी घंटी थांबत नाही, खांबावरची तार आहेच,
पण हे जिन्यातनं ओरडतात,
"जरा दम धर, ढग जाऊ दे."

साडेतीनला सकीनाभाभींच्या शेवग्याची सावली
चौथ्या पॅनेलवर उतरते.
आधी कोपरा, मग अर्धं.
हे वही घेऊन आठ दिवस बसले.
रोजचं पाऊण युनिट.
महिन्याचे साडेबावीस. त्याचे रुपये केले,
वर्षाचे केले, पंचवीस वर्षांचे केले,
आणि कोयता धुंडून भाभींच्या दारात गेले.
काय बोलणं झालं मला माहीत नाही.
आले ते शेंगांची जुडी घेऊन,
कोयता काखेत तसाच कोरडा.
वहीतलं "तोटा" खोडलं
आणि वर लिहिलं, "शेवगा".

या महिन्यात रीडिंगला नवा पोरगा आला.
ही पोरं मीटर वाचत नाहीत, फोटो काढतात.
एक काढला. पुसून परत काढला.
"काका, बिघडलंय का हो? घेतलंय कमी, दिलंय जास्त.
एवढं कमी कसं?"
तीस वर्षांत पहिल्यांदा
ह्यांच्याशी कुणीतरी उलटं भांडत होतं.
हे हसले नाहीत. मला म्हणाले, चहा टाक.
मग त्या पोराला, खुर्ची पुढं सरकवत:
"मीटर खोटं बोलत न्हाई."

बिल आलं एकशे बेचाळीस.
काही जळो न जळो, स्थिर आकार असतोच,
म्हणाले, तार दारात उभी राहती त्याचं भाडं.
मी ते घरघंटीमागं खोचलं,
पिठाचे हात त्यावर उमटले.

रात्री आमटीत शेंगा होत्या.
एक चोखून झाल्यावर ताटाच्या कडेला ठेवली,
आणि तिच्याकडं बघत म्हणाले,
"ही कितीला पडली असंल?"
"खावा गप," मी म्हटलं.
डोंगरावर तांबडे दिवे लागले होते.
त्यांनी दुसरी घेतली.