अर्थाला रकाना नाही

जन्म-मृत्यू नोंदणी, खिडकी क्रमांक तीन.
यंदा माझ्या हातून
सव्वीस रियांश गेले, एकोणीस अद्विक,
आणि शिवांश किती ते मोजायचं मी दिवाळीतच सोडलं.
अर्थ विचारला की बाप मोबाइल पुढं करतात,
त्यात असतं: सूर्याचा अंश, विष्णूचा अंश,
कुणाचा तरी अंश.
अख्खं असं कुणी जन्माला येत नाही हल्ली.

काल जेवणाच्या सुट्टीला पाच मिनिटं असताना
उत्तरेश्वर पेठेतलं एक जोडपं आलं.
तो उत्कर्ष सातपुते, ती प्रणोती.
पोर एक्केचाळीस दिवस सीपीआरच्या काचेत होतं,
आता तिच्या खांद्यावर, पिवळ्या टोपड्यात, झोपलेलं.
"नाव लावायचं हाय."
सांगा.
"केरबा."

मी मान वर केली नाही.
"लाडाचं नको. कागदावरचं सांगा."
"कागदावरचंच सांगतोय, साहेब."

यंत्रात शोधलं.
यंदा शून्य. गेल्या वर्षी शून्य.
मागं मागं गेलो, जन्माच्या बाजूला काहीच नाही.
मृत्यूच्या बाजूला मात्र रांग:
केरबा, वय ब्याऐंशी, कसबा बावडा.
केरबा, वय एक्क्याण्णव, फुलेवाडी.
केरबा, वय अठ्ठ्याहत्तर, गंगावेस, दमा.
सगळ्या दाखल्यांवर सही माझीच.

तो सांगत होता, आज्जा केरबा,
शाहूपुरीत गुळाच्या रव्यांवर नंबर टाकायचा.
"केर न्हवं, साहेब. केदार.
डोंगरावरचा केदारलिंग, लाडानं केदारबा,
घाईत केरबा.
दवण्याचा वास असतोय या नावाला."
ती म्हणाली, "आमच्याकडं येगळं सांगत्यात.
पोरं जगत नसली की सुपात घालून केरावर ठेवायचं,
शेजारणीनं उचलायचं,
आईनं मूठभर कोंडा देऊन परत इकत घ्यायचं.
सटवीला वाटावं, टाकलेलं हाय, कुणाचं न्हाई."
मग दोघांत तिथंच जुंपली,
देव का उकिरडा.
मागं रांग वाढली. कुणीतरी खाकरलं.
"तुमाला काय वाटतंय?" त्यानं मला विचारलं.

मला काय वाटणार.
माझ्या टेबलावरच्या पाटीवर किरण असं आहे.
नवी माणसं म्हणतात, वा,
अंबाबाईच्या किरणोत्सवावरनं ठेवलं जणू.
मी हो म्हणतो.
ब्याण्णव सालच्या राजपत्रात, खालच्या कोपऱ्यात,
मुंगीएवढ्या अक्षरांत
त्याच्या आधीचं नाव आहे.
कॉलेजात एक मुलगी म्हणाली होती,
केर काढायला येतोस का आमच्याकडं?
अख्खा कट्टा हसला. मीसुद्धा हसलो.
माझ्या आधीचे दोघं भाऊ
बारशाआधीच गेले.
सूप कुठलं, शेजारीण कोण,
आई होती तोवर मी कधी विचारलं नाही.

"साहेब, अर्थ लिवायला रकाना हाय?"
बाळाचं नाव, आईचं, बापाचं, पत्ता, तारीख.
नाही.
अर्थाला रकाना नाही.
"मग ऱ्हाऊ दे. मोठा झाला की त्याचं त्योच ठरवंल."

मी 'के' टंकलं.
यंत्रानं केदार सुचवलं, केशव, केतन.
'र' दाबला. 'बा' दाबलं.
खाली तांबडी रेघ आली.
ती तशीच ठेवली.

पहिली प्रत शाई पसरून निघाली, टोपलीत टाकली.
दुसरी स्वच्छ आली, शिक्का मारून दिली.
पोरानं तेवढ्यात डोळे उघडले,
छताच्या पंख्याकडं बघितलं, परत मिटले.

साडेपाचला झाडायला अक्काताई येतात.
त्यांच्या आधी मी टोपलीत हात घातला.
पेन्सिलीचा भुस्सा, चहाचे कागदी कप,
तळाशी तो चुरगळलेला कागद.
मांडीवर घेऊन सपाट केला.
खिशात कोंडा कुठला असणार.
सुट्टे चार रुपये होते,
ते टोपलीशेजारी ठेवले.