बावीस सेंटिमीटर

हेल्वे बैठकीला यायची ती बर्फाची कांडी घेऊन,
गिरमिटानं काढलेली, काचेसारखी, तळाशी जराशी दुधाळ.
चहाच्या ट्रेमध्ये आडवी ठेवायची.
“ही वितळायच्या आत ठरवू,” म्हणायची.
बाकी प्रस्तावना नाही.

आम्ही पाच जण. खिडकीबाहेर गोठलेला समुद्र,
पलीकडे हीयुमा बेट, धुरकट रेघेएवढं,
आणि सकाळपासून थांबतच नसलेला फोन:
बर्फावरचा रस्ता उघडणार कधी?
मासळीवाला. लाकूडवाला.
एक नवरी, तिचं वऱ्हाड या काठावर अडकलेलं.

पाऊणशे भोकं पाडली होती.
चौऱ्याहत्तर ठिकाणी बावीसच्या वर.
एका ठिकाणी, जहाजांच्या जुन्या वाटेवर, एकवीस.
तासाभरानं, हातभर बाजूला, बावीस.
आता यातलं खरं कोणतं, सांगा.

“बोलू नका,” हेल्वे म्हणाली. “लिहा.
असे शंभर आठवडे आले, तर रस्ता किती वेळा टिकेल?
माझ्या तोंडाकडे बघू नका.”
आणि स्वतः पाठ करून उभी राहिली,
कारण साहेबाचा आकडा एकदा कळला
की बाकीचे आकडे टाचण्यांसारखे
लोहचुंबकाकडे सरकतात.

सगळ्यात लहान मी. म्हणून आधी मी बोलायचं.
सत्तर, म्हणाले. घसा कोरडा.
लेम्बित हसला. त्याचे पंच्याण्णव;
तीस हिवाळे याच बर्फावर काढलेला माणूस.
हेल्वेनं आपली चिठ्ठी घडी करून
वहीत सरकवली. वाचली नाही.

मग दुसरी चिठ्ठी.
“आज दहावा दिवस आहे. गाडी बुडाली आहे.
बुडेल का, विचारत नाही. बुडाली आहे.
कशी, ते लिहा.”

मघाशी अडखळणारी पेनं आता धावायला लागली.
पंच्याण्णववाल्या लेम्बितनं तर पान भरलं:
नैऋत्येचा वारा, रात्रीत चढलेला पारा,
दुधाची गाडी, वजन खोटं सांगितलेलं,
पट्टा बांधून बसलेला ड्रायव्हर.
ड्रायव्हरचं नावही लिहिलं होतं.
त्याचा सख्खा मेव्हणा.
पान उलटं ठेवून तो सिगारेट ओढायला बाहेर गेला,
आणि तासभर कोणी त्याला बोलावलं नाही.

फळ्यावर हेल्वेनं दोन रकाने आखले.
उगाच “नाही” म्हटलं तर: फेरीची रांग,
कुजलेली मासळी, नवरीचे शिव्याशाप.
उगाच “हो” म्हटलं तर...
त्या रकान्यात ती काहीच लिहीना.
खडू हातात तसाच.

रस्ता उघडला नाही.

बर्फ मात्र टिकला. दहा दिवस, मग वीस.
राइमो नावाचा म्हातारा रात्री जुनी लाडा घेऊन
बेटावर जाऊन आला,
आणि पहाटे आमच्या खिडकीखाली
मनसोक्त हॉर्न वाजवत राहिला.
पेपरात आम्ही भित्रे. बेकरीत आम्ही भित्रे.
“चुकलो,” लेम्बित म्हणाला.
हेल्वे म्हणाली, “बर्फ टिकला, एवढंच कळलंय.”
आणि सगळ्या चिठ्ठ्या तारखेनिशी वहीत डकवल्या.
निकाल बघून जुना आकडा गिरवायचा नाही,
हा तिचा एकमेव लेखी नियम.

ती गेल्यावर ती वही माझ्याकडे आली.
घडी उलगडली: अठ्ठ्याऐंशी.
म्हणजे तिलाही वाटत होतं, टिकेल.
खाली सही मात्र “नाही”वर.
उरलेल्या बारांकडे ती किती वेळ बघत होती,
ते वहीत नाही.

आता कांडी मी आणते.
अलीकडे ती बोटभरच निघते;
तीन हिवाळे झाले, रस्त्याचा विषयच निघत नाही.
तरी आम्ही बसतो. चिठ्ठ्या वाटतो.
नवा मुलगा, ओस्कर, पेन चावत
माझ्या तोंडाकडे बघतो.

मी पाठ करून उभी राहते.
मागे ट्रेमध्ये पाण्याचा आवाज.
“मॅडम,” तो म्हणतो, “वितळली की.”
“लिही,” मी म्हणते.