मोकळी तार

वेंगुर्ल्याला, बंदरामागच्या शाळेत
दमट हवेनं खुंट्या सैल पडलेल्या.
ज्योकिमसर म्हणाले, आज धून नको.
फक्त खालची मोकळी तार.

ऑगस्टीनानं चेलो गुडघ्यांत घेतला.
आई आडोळीवर बसते तशी बसली,
पण तो रुबाब नव्हता.

दोन्ही व्हायोलिनं पुढं पळाली,
व्हिओला मधेच कुठं हरवली.
"अरे, रापण ओढताना मोजता काय कोण?
शेजारच्याचो श्वास आयका."

चौथ्या खेपेला
गज टेकायच्या आधी
चौघांच्या छात्या एकदम भरल्या.

खिडकीबाहेर पाटी घेऊन चाललेली बाई थांबली,
बांगड्यांचं पाणी
तिच्या खांद्यावर ठिबकत राहिलं.

सर काही बोलले नाहीत.
वहीत फक्त वेळ लिहिली:
चार वाजून सात.