आठव्या मजल्यावरचा दिवा

सुपर कॉरिडॉरवर, बिजासन टेकडीकडे तोंड करून
आमची इमारत उभी आहे, नखशिखांत काचेची.
माझं काम खुर्च्या मोजायचं.
म्हणजे मोजतं यंत्रच.
प्रत्येक गादीखाली बिब्ब्याएवढा एक तुकडा बसवलाय,
कोण टेकलं, कधी उठलं, सगळं त्याला कळतं.
मी फक्त शुक्रवारी बेरीज वर पाठवते.

पहिल्या वर्षी चारशे बारा.
मग लोक घरूनच कामाला लागले,
कुणी राजेंद्रनगरच्या मागच्या खोलीतून,
कुणी थेट देवासहून,
वर इस्त्रीचा शर्ट, खाली अर्धी चड्डी.
एकशे नव्वद.
शहाऐंशी.
गेल्या शुक्रवारी एकतीस,
त्यातली एक सफाईवाल्या रेशमाची पिशवी.

खुर्चीला पिशवी माणूस वाटते.
छताला मात्र पागेकाका माणूस वाटत नाहीत.

मेघश्याम पागे, लेखा विभाग, निवृत्तीला सात महिने.
आकडा अडला की काका हलत नाहीत,
पेन्सिल ओठांवर, नजर कुठेतरी आतल्या रकान्यात.
बारा मिनिटं हालचाल नाही
की छतातला डोळा ठरवतो, इथे कुणी नाही,
आणि दिवा घालवतो.
मग अंधारातून आवाज, "अरे, आहे मी अजून!"
आणि एक हात वर, शाळेतल्या हजेरीसारखा.
दिवसातून पाच-सहा वेळा.
आम्ही सगळे हसायचो.
आता आठव्यावर हसायला मी एकटी.

सोमवारी मालकांच्या मुलाने बोलावलं.
तीन मजले गेले म्हणाला, एकदम, पंधरा वर्षांच्या करारावर.
मी विचारलं, माणसं किती?
म्हणाला, माणसं कशाला.
कपाटं येणार आहेत, लोखंडी, रात्रंदिवस गुणगुणणारी.
त्यांना खिडकी नको, पार्किंग नको,
दिवाळीला सोनपापडीचा डबा नको,
फक्त वीज, गारवा,
आणि नळाला येतं ते नर्मदेचं पाणी.
आणि भाडं चौरस फुटावर नाही, किलोवॅटवर.

चौरस फूट.
बावीस वर्षं हा शब्द जपासारखा म्हटला मी,
कार्पेट, बिल्टअप, सुपर बिल्टअप,
जिन्याचा कोपरा आणि लिफ्टची पोकळीसुद्धा
गिऱ्हाइकाच्या गळ्यात घातली त्या शब्दाने.

गेटवर भेरूसिंगला सांगितलं.
आम्ही ज्यावर उभे होतो ती काळी माती त्याची होती एके काळी,
पावसाळ्यात सोयाबीन, थंडीत हरभरा.
त्याने शिट्टी खिशात घातली, विचार केला.
"बिघ्यात दिली मी, ताई.
पुढं फुटात मोजा की विजेत, तुमचं तुम्ही बघा."
चहावाल्या गेंदालालने फक्त पहिलं वाक्य ऐकलं होतं.
किती येणार? चार हजार, मी म्हटलं.
तो दूधवाल्याला फोन लावतच होता,
तेव्हा उरलेलं सांगितलं.

मंगळवारपासून खिडक्या बुजवणार,
कपाटांना ऊन सोसत नाही.

आज शुक्रवार.
बेरीज पाठवायची आहे आणि मी पाठवत नाहीये.
काका त्या टोकाला, मी या टोकाला,
मध्ये झाकलेल्या टेबलांची मोठी वस्ती.
मी ठरवून हलले नाही.
आठ मिनिटं. दहा. पाठीला खाज सुटली, तरी नाही.
दिवा गेला.

काचेपलीकडे बिजासनचा कळस उजळलेला,
त्याच्यावरून एक विमान उतरलं,
खाली रिकाम्या प्लॉटांच्या रांगा
आणि एका प्लॉटवर कुणीतरी पेटवलेलं गवत.
इतक्या वर्षांत दिव्यापायी
हे कधी दिसलंच नव्हतं.

मी वाट बघत होते त्या हाताची.
हात वर आला नाही.
खूप वेळाने तिकडून,
न हलता, अगदी हळू, जणू कुणी जागं होईल म्हणून,
काका म्हणाले,
"सापडला गं. सव्वातीन रुपयांचा फरक होता.
एप्रिलपासून."