उंची, छाती, वर्तणूक

पहाटे साडेपाचला वाळपईच्या मैदानावर
मी चुन्याची रेघ मारली.
धुक्यात ती चार पावलांवरच संपल्यासारखी दिसत होती.
मुलं आधीच रांगेत, अनवाणी,
बूट गळ्यात, कागदांच्या पिशव्या दातांत.

माझं काम साधं. लाकडी पट्टी, टेप,
आणि दिसेल ते मोठ्यानं सांगणं.
लिहून घ्यायला कारकून कुलासो,
थर्मासमधला पहिला चहा स्वतःला ओतणारा.

पुरुष एकशे अडुसष्ट.
छाती ऐंशी, फुगवून पंच्याऐंशी.
रहिवास पंधरा वर्षं, मामलेदाराच्या सहीनं.
कोंकणी येणं आवश्यक,
मराठी येत असल्यास उत्तम.
इथं मी दर वेळी अडखळतो.
आमच्या घरी भजनाच्या वह्या मराठी, शिव्या कोंकणी,
आणि त्यातलं आवश्यक कुठलं, उत्तम कुठलं,
आईनं कधी निवडून ठेवलं नव्हतं.

खोतीगावची दर्शनी वेळीप.
अंबाड्यामुळे पट्टी वरच राहिली. केस सोड, म्हटलं.
तिनं पिना काढल्या, एकेक, मुठीत धरल्या
आणि अर्धा सेंटिमीटर कमी भरली.
"सकाळी माणूस उंच असतो ना, काका?"
असतो, बाये.
पण त्याला रात्री आडवं व्हावं लागतं.
ही सबंध रात्र स्टँडच्या बाकावर बसून.
मी आकडा सांगितला. कुलासोनं तो दोनदा विचारला.

दोनशे चौदा. रोहिदास जल्मी.
टेप पाठीमागून घ्यायला
माझे हात त्याच्या काखांखालून गेले
आणि हातांना आधी आठवलं, मला नंतर.

तीन वर्षांपूर्वी, खाणीच्या रस्त्यावर
ट्रकांपुढे बसलेल्या एकवीस जणांत
हा शेवटून दुसरा.
याच काखांत हात घालून मी त्याला गाडीत टाकला होता.
हातपाय झाडले नाहीत त्यानं,
नुसतं अंग सोडून दिलं,
भिजल्या भाताच्या पोत्यासारखं.
वजनाची अट नियमांत नाही.
मला ते पाठ आहे.

"श्वास घे."
पंच्याऐंशी. शहाऐंशी.
"पुरे."
सत्त्याऐंशी. सोडेचना.

अर्जात रकाना सतरावा:
आपल्यावर कोणताही गुन्हा नोंद आहे काय? असल्यास तपशील.
त्यानं लिहिलं होतं, होय.
तपशिलात लिहिलं होतं, आमची झर आटली.

"हा काय तपशील झाला?" कुलासो म्हणाला,
"कलम पाहिजे, कलम."
कलम मी सांगू शकलो असतो.
ती फिर्याद माझ्याच अक्षरात आहे,
झरीचा उल्लेख तिच्यात नाही.

"तुमी त्या दिसा म्हजें चप्पल गाडयेंत हाडून दिल्लें,"
तो हळूच म्हणाला.
दिलं असेन. एक चप्पल रस्त्यात पडलं तर
माणूस उचलतोच.

विचारायला नको होतं, तसा रकानाही नाही,
तरी विचारलं: मग रे इथं कशाला?
बूट घालता घालता, वर न बघता:
"फुडल्या खेपेक उखलपी तरी गांवचो आसूं."

उखलपी. उचलणारा.
जाहिरातीत या पदाचा हा अर्थ दिलेला नाही.

मी सत्त्याऐंशी लिहायला सांगितलं.
रकाना सतरावा माझा नव्हे,
तो पणजीत बघतील, तिसऱ्या मजल्यावर,
तिथल्या खिडकीतून नदी दिसते.
एवढंच म्हणून मी पुढचा नंबर पुकारला
आणि माझा आवाज चिरकला.

निवृत्तीला एकोणीस महिने.
त्या रात्री जेवण झाल्यावर टेप काढला,
स्वतःभोवती गुंडाळला, श्वास ओढला.
जेमतेम दोन वाढली.
बायको भांडी विसळत होती. म्हणाली,
खोकला दाखवून घ्या एकदा डॉक्टरला.